चारमिनारची संध्याकाळ

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता व राजधानी होती हैदराबाद. रझाकारांच्या धास्तीने आमच्या आजीला ते नावही नकोसे वाटे. त्याच शहरी वाटाड्यासोबत सायंकाळी पायी हिंडून खाण्याचा योग मला आला. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने बांधविलेल्या चारमिनारपाशी मिरचीची भजी, उस्मानिया बिस्किटे व चहा घेतला. चहाची रीत इराण्यांची, बिस्किटाला शेवटच्या निजामाचे नाव आणि मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली! राज्ये लयास गेली. भट्टीपाशी राबणाऱ्यांनी जपलेली चव तेवढी उरली. जुलूम विसरू नये. पण त्याचा दोष या कष्टकऱ्यांच्या माथी मारू नये.