राखण कुणाची, पीक कुणाचे?

ख्रिस्ती धर्माने माणसाला निसर्गाचा धनी केले आणि पृथ्वीच्या नासाडीची मुळे त्यातच आहेत, असा आरोप अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात केला. पर्यावरणवादी अजूनही तो उगाळतात. राहुरीत विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना मला हा आरोप अपुरा वाटतो. धनी नेमका कोण झाला, हे तो विचारतच नाही.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. पुढे या जिल्ह्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते बहुतांशी महार आणि मांग. माझे पणजोबा त्यांतलेच. गावच्या विहिरीला ज्याचा स्पर्श चालत नव्हता, त्याला 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायाने पृथ्वीवर सत्ता चालवण्याचे वचन ऐकवले. त्याला ती लुटीची मुभा वाटली असेल? मला वाटते, माणूसपणाची ती पहिली पावती होती. फुलामुलांचे कवी टिळक राहुरीत राहिले. त्यांना निसर्ग फुलांत दिसला. आमच्या माणसांना तो सरपणाच्या मोळीत आणि शेळीच्या दाव्यात भेटला.

याच जिल्ह्यात ख्रिस्ती श्रद्धा पर्यावरणाच्या बाजूनेही उभी राहिली. १९४८ साली भारतात आलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी नगरच्या सोशल सेंटरमधून दुष्काळी गावांत काम केले. १९८९ च्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागे त्यांचीच प्रेरणा होती. माती अडली, पाणी मुरले, मजुरांना काम मिळाले. हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण पाणलोटाबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. राळेगणसिद्धीच्या पुनर्रचनेची सुरुवात १९७५ नंतर मंदिराच्या जीर्णोद्धाराने झाली. तिथेही हीच बंधने होती. एकीकडे मंदिर, दुसरीकडे फादर. भूमिहीनाला लागू होणारा नियम मात्र एकच.

माझ्या आजीकडे चार शेळ्या होत्या, जमीन नव्हती. गावात चराईबंदीचा ठराव झाला आणि शेळ्या विकाव्या लागल्या. डोंगर हिरवा झाला, हे खरे. पाणी विहिरींना आले. विहिरी ज्यांच्या रानात, पाणी त्यांचे. पाळकांनी रविवारी सृष्टीच्या राखणीवर उपदेश केला, तेव्हा घरी येऊन आजी म्हणाली, "राखण आमची, पीक त्यांचं." धर्मशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या दोन्हींवर इतकी नेमकी टीका मी नंतर वाचलेली नाही.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक आणि गायरान जमीन आमच्या लेखी जगण्याचा हक्क होती. पर्यावरणवाद्याच्या लेखी ती राखायचे रान आहे. ख्रिस्ती दलिताची कोंडी तर दुहेरी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. दादासाहेबांच्याच नावाची शासकीय योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीनांना जमीन देते. माझ्या आजीला ती लागू नव्हती. तिची जात गावाने ठेवली, सरकारने पुसली.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रात धरणीचा आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. चर्चला तो ऐकायचा असेल, तर 'लेवीय'चा पंचविसावा अध्यायही व्यासपीठावरून वाचावा लागेल. तिथे जमीन देवाची आहे आणि पन्नासाव्या, योबेलाच्या वर्षी ती मूळ कुळाकडे परत जाते. राखणीवर उपदेश पुष्कळ झाले. परतीवर किती झाले?

चळवळीलाही माझा एक प्रश्न आहे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला आणि भूमिहीनालाही त्यात धरले. म्हणजे हे करता येते. मग आमच्या डोंगरावर अडलेल्या पाण्यात आजीचा वाटा का लिहिला गेला नाही? याचे उत्तर मिळेपर्यंत हिरवा डोंगर पाहून मला आनंद होतो, पण तो अर्धाच.