फोर-केमध्ये सगळं दिसतं, पाच हजार डॉलर सोडून

आजची गोष्ट सुरू होते २०१९ साली अमेरिकेत निघालेल्या एका डिस्कपासून. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा १९८९ चा सिनेमा तीस वर्षांचा झाला, म्हणून तो फोर-के अल्ट्रा एचडीवर आला. त्याआधी व्हीएचएस, डीव्हीडी, ब्लू-रे असं करत तो घरोघरी पोचला होताच. पण त्याच वर्षी आणखी एका गोष्टीला शंभर वर्षं झाली, आणि ती गोष्ट घडली नसती तर हा सिनेमाच नसता.

सिनेमा पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. आयोवामधला शेतकरी रे, म्हणजे केव्हिन कॉस्टनर, याला मक्याच्या शेतात एक आवाज ऐकू येतो. तो उभं पीक मोडून तिथे बेसबॉलचं मैदान बांधतो. मग मक्यातून एकेक खेळाडू बाहेर यायला लागतात. सगळे मेलेले! पहिला येतो ‘शूलेस’ जो जॅक्सन.

हा जॅक्सन खराखुरा माणूस. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स सिनसिनाटी रेड्सकडून हरले, आणि पुढच्या वर्षी बाहेर आलं की जुगाऱ्यांनी खेळाडूंना पैसे चारले होते. आपल्या भाषेत, मॅच-फिक्सिंग. १९२१ मध्ये ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली. जॅक्सन १९५१ मध्ये गेला, बंदी तशीच होती.

सिनेमात रे आपल्या लेकीला त्याची बाजू सांगतो. पैसे त्याने घेतले, पण सिरीज हरवायला निघालेला माणूस ०.३७५ च्या सरासरीने कसा खेळेल? सिरीजमधली एकमेव होम रन कशी मारेल? हे आकडे खरे आहेत. ३२ वेळांत १२ हिट.

पण आम्हा कोडवाल्यांना एक खोड असते. सरासरी दिसली की आतला डेटा उघडून बघायचा. व्हाइट सॉक्सनी जिंकलेल्या तीन मॅचमध्ये जॅक्सनचे ११ पैकी ६ हिट. हरलेल्या पाच मॅचमध्ये २१ पैकी ६. एवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही, डेटा फारच थोडा आहे. पण ‘०.३७५ म्हणजे निर्दोष’ हेही मग टिकत नाही. शिवाय १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर शपथेवर त्याने स्वतः सांगितलं होतं की वीस हजार डॉलर कबूल झाले होते, हातात पाच हजार पडले. सिनेमात पैसे घेतल्याचं मान्य केलंय, पण एका वाक्यात उरकलंय.

आणि एक गंमत. खरा जॅक्सन डावखुरी बॅटिंग करायचा. सिनेमातला रे लिओटा उजव्या हाताने खेळतो. फोर-केमध्ये ही चूक फक्त जास्त स्पष्ट दिसते!

मग सिनेमाला जॅक्सन एवढा स्वच्छ का हवा होता? कारण मुळात ही गोष्ट बाप-लेकाची आहे. तरुणपणी रे वडिलांना बोलून बसलेला असतो की ज्याचा हीरो गुन्हेगार आहे, त्या माणसाचा मी आदर करू शकत नाही. घर सोडतो. माफी मागायच्या आत वडील जातात. शेवटी तेच वडील, तरुण होऊन, मक्यातून येतात आणि दोघं बॉल झेलत उभे राहतात. तो सीन पाहताना माझा आवाज बसतो, खोटं कशाला बोलू?

मला पटत नाही ते एवढंच: वडिलांचा आदर करायला त्यांचा हीरो निर्दोष असावा लागतो का? जॅक्सनने पैसे घेतले होते, तरी रेचे शब्द चुकलेलेच होते. आपल्यापैकी कितीतरी जण वडिलांशी त्यांच्या लाडक्या नेत्यावरून, खेळाडूवरून भांडलेत. हीरोबद्दल आपलं म्हणणं बरोबर असेलही. पण वडिलांशी बोलणं बंद करायला ते कारण पुरत नाही.

मे २०२५ मध्ये बेसबॉलने ठरवलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. जॅक्सनचं नाव यादीतून निघालं. निर्दोष मात्र कुणी म्हटलं नाही. सिनेमापेक्षा हा निकाल मला जास्त प्रामाणिक वाटतो.

तुम्ही काय म्हणता, कळवा. आणि आज घरी एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!