चेंडूची तालबद्ध सांघिक कवायत

चेंडूची तालबद्ध सांघिक कवायत : रांगांत किंवा वर्तुळात उभ्या असलेल्या अनेक मुलांनी बास्केटबॉलच्या चेंडूचे एकाच ठेक्यावर टप्पे मारण्याचा शालेय व्यायामप्रकार. चेंडूचे टप्पे मारीत पुढे सरकण्याच्या क्रियेस ‘ड्रिबलिंग’ म्हणतात. खेळातील ड्रिबलिंगचा हेतू प्रतिपक्षास चकविणे हा असतो. त्यामुळे तेथे कुशल खेळाडू गती एकाएकी बदलतो व ठेका मुद्दाम मोडतो. कवायतीत याच्या उलट, प्रत्येकाचा टप्पा इतरांच्या टप्प्याशी जुळावा लागतो. अमेरिकेत जन्मलेला एक खेळ आणि तालावर समूहाने व्यायाम करण्याची जुनी रीत, अशा दोन परंपरा या प्रकारात एकत्र आल्या आहेत. महाराष्ट्रात दुसरी परंपरा लेझमीच्या रूपाने शाळांच्या परिचयाची होती. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) शैक्षणिक इतिहासात या दोहोंचे धागे जवळजवळ आलेले दिसतात.

टप्प्याचा उगम : जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत बास्केटबॉलचा खेळ तयार केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत चेंडू हातात धरून धावण्यास मनाई होती. टप्पे मारीत जाण्याचा मात्र उल्लेखही नव्हता. प्रतिस्पर्ध्यांच्या कोंडीत सापडलेला खेळाडू चेंडू जमिनीवर टाकून तो पुन्हा स्वतःच घेऊ लागला आणि या युक्तीतून ड्रिबलिंग रूढ झाले. प्रारंभीचे चेंडू नाडीने शिवलेले असत. नाडीचा भाग जमिनीवर आपटला, की चेंडू वेडावाकडा उसळे; त्यामुळे नियमित ठेक्यावर टप्पे मारणे दुरापास्त होते. १९२७ मध्ये अमेरिकेतील नियम-समितीने ड्रिबलिंग एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचे ठरविले होते. तथापि प्रशिक्षकांच्या विरोधामुळे तो निर्णय मागे घेण्यात आला. टप्प्यांचे कौशल्य संगीताच्या साथीने लोकांपुढे मांडण्याचे श्रेय मुख्यतः ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ या १९२६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संघाकडे जाते.

भारतात हा खेळ १८९४ मध्ये डंकन पॅटन यांनी आणला. स्प्रिंगफील्ड येथील पहिल्या सामन्यातील दोन संघनायकांपैकी ते एक होते. मद्रास (चेन्नई) येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून प्रशिक्षित शिक्षक देशभर गेले आणि खेळाचा प्रसार झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्ली येथे झाली. अखिल भारतीय संघटना १९५० मध्ये अस्तित्वात आली.

सांघिक कवायतीची परंपरा : समूहाने व हुकमावर करावयाच्या व्यायामाची आधुनिक पद्धती यूरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांच्या पद्धतीत शिक्षकाच्या आज्ञेनुसार सर्वांनी एकदम हालचाली करावयाच्या असत. अमेरिकेत डायो लुइस यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगीताच्या साथीने लाकडी डंबेल, कड्या व धान्याच्या पिशव्या यांचा वापर होता. भारतीय आखाड्यातील मुद्‌गलांची जोडी ब्रिटिश लष्कराने उचलली, तेथून ती इंग्लंडमधील व्यायामशाळांत गेली आणि पुढे शालेय कवायतीचे साधन म्हणून भारतात परत आली. स्विस संगीतशिक्षक एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी मात्र हुकमाऐवजी तालाला प्रधान स्थान दिले. संगीत प्रथम शरीराने अनुभवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या पद्धतीच्या वर्गांत चेंडू टाकणे व झेलणे या क्रियांतून मुलांना मात्रांचा बोध करून देण्यात येतो. चेंडूच्या तालबद्ध कवायतीचा वैचारिक पाया येथे सापडतो.

मराठी भाषिकांत सांघिक व्यायामास वळण लावण्याचे मोठे कार्य बडोद्याचे प्रा. माणिकराव यांनी केले. इंग्रजी हुकमांच्या जागी भारतीय भाषांतील आज्ञा वापरून त्यांनी ‘संघव्यायाम’ बसविला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी केली. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था सुरू केल्यावर माध्यमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये ‘राष्ट्रीय स्वास्थ्य दल’ या नावाचा एकत्रित कार्यक्रम अंमलात आला.

लेझमीचा वारसा : लेझीम हे धनुष्याकृती साधन आहे. लाकडी दांड्याला जोडलेल्या साखळीतील चकत्या प्रत्येक हालचालीसरशी वाजतात. व्यायाम करणाऱ्याची हालचाल येथे स्वतःच ताल निर्माण करते आणि चुकलेला हात कानाला ताबडतोब कळतो. ग्रामदैवतांच्या जत्रा व मिरवणुका यांत हलगी, ढोल किंवा ताशा यांच्या साथीने लेझीम खेळतात. शाळांत ती ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ अशा क्रमवार हातांत बसविली गेली. नवी दिल्ली येथे १९८२ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटनात महाराष्ट्राच्या लेझीम पथकाचा समावेश होता. बास्केटबॉलच्या चेंडूलाही लेझमीचा हा गुण आहे : टप्पा ऐकू येतो. म्हणून लेझीम शिकविलेल्या शिक्षकास चेंडूची कवायत शिकविताना मूळ तत्त्व नव्याने शोधावे लागत नाही.

अहमदनगर जिल्हा : अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे आपले केंद्र उघडले. मुलामुलींच्या शाळा व शिक्षकांचे प्रशिक्षण यांमुळे हे शहर मिशनच्या शैक्षणिक कार्याचे प्रमुख ठाणे बनले. ही मिशन संस्था व वायएमसीए भिन्न असल्या, तरी बास्केटबॉलच्या प्रसारात मिशनच्या मुंबई शाखेचाही वाटा आहे. तिच्या वतीने क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस ही संस्था सुरू केली. पुढे नागपाडा ही मुंबईतील बास्केटबॉलची प्रमुख वस्ती म्हणून ख्यात झाली. अर्जुन पुरस्काराचे (१९७०) मानकरी अब्बास मुंतसीर हे तेथलेच. अहमदनगर शहरात १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. येथील लष्करी ठाण्यात १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र आहे. ग्रामीण भागात सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात शिक्षणसंस्था वाढल्या. प्रवरानगर येथील प्रवरा पब्लिक स्कूल (१९६४) हे त्याचे एक उदाहरण होय. १९६२ मध्ये जिल्हा परिषद स्थापन होऊन प्राथमिक शाळा तिच्याकडे आल्या. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन व महाराष्ट्रदिन यांच्या समारंभांतील कवायत हा या शाळांचा ठरलेला कार्यक्रम आहे.

चेंडूच्या कवायतीचा प्रसार लेझमीइतका का होऊ शकत नाही, याचे उत्तर काही अंशी जमिनीत आहे. टप्प्याला टणक व सपाट पृष्ठभाग लागतो. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत असून नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिखल होते. दोन्ही अवस्थांत चेंडू नीट उसळत नाही. चोपून बसविलेला मुरूम काही प्रमाणात चालतो. खात्रीचा टप्पा मात्र फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावरच मिळतो. लेझमीला असे कोणतेही बंधन नाही. दुसरे कारण खर्चाचे. समग्र शिक्षा योजनेत (२०१८) क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस ५,०००, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० व माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद करण्यात आली. या रकमेतून सर्वच खेळांचे साहित्य घ्यावयाचे असल्याने प्रत्येक मुलाला एक चेंडू देणे लहान शाळेस अशक्यप्राय ठरते. त्यामुळे वर्गाच्या दोन तुकड्या करून एकीने टप्पे मारावेत व दुसरीने टाळ्यांनी ठेका धरावा, ही पद्धत सोयीची पडते.

शिकविण्याची पद्धती : लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉलचा चेंडू (परीघ सु. ७० सेंमी., वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी) वापरतात. मिनी बास्केटबॉलचा प्रारंभ अमेरिकेत १९५० मध्ये जे आर्चर यांनी केला. प्रथम मुले चेंडूविना टाळीवर मात्रा मोजतात. नंतर दोन्ही हातांनी चेंडू सोडून झेलतात. त्यानंतर एका हाताने, पुढे हात आलटूनपालटून व शेवटी चालत टप्पे मारतात. चेंडू तळहाताने थोपटावयाचा नसून बोटांनी खाली ढकलावयाचा असतो. आठ मात्रांचा केरवा हा ठेका यास विशेष अनुकूल आहे. सहा मात्रांच्या दादऱ्यात तीन-तीन टप्प्यांनी हात बदलता येतो.

सर्वांचे टप्पे एकदम पडण्यात मुख्य अडचण उंचीची असते. केवळ सोडलेला चेंडू ८० सेंमी. उंचीवरून सु. ०·४ सेकंदात, तर ४० सेंमी. उंचीवरून सु. ०·३ सेकंदात जमिनीला टेकतो. ‘कमरेइतका टप्पा मारा’ असे सांगितल्यास उंच मुलाचा टप्पा मागे पडतो व ठेंगण्याचा पुढे धावतो. यासाठी एक समान उंची ठरवून द्यावी लागते. गुडघ्याजवळची उंची ठरविल्यास गती वाढते व कवायत अवघड होते. मुलांची नजर चेंडूवरून हळूहळू शेजाऱ्याकडे व समोर वळविणे, ही पुढची पायरी होय. ठेका कानाने कळू लागल्यावर नजरेची गरज आपोआप कमी होते.

मूल्यमापन : सांघिक कवायतीविषयी शिक्षणक्षेत्रात दोन मते आहेत. तिचा उगम लष्करी शिस्तीत असल्याने ती मुलाची स्वाभाविक क्रीडावृत्ती दडपते, असा एक आक्षेप आहे. पाहुण्यांपुढील प्रदर्शनासाठी मुलांना तासन्‌तास उन्हात उभे केले जाते, तेव्हा तो आक्षेप खरा ठरतो. दुसऱ्या मतानुसार स्पर्धेच्या खेळात निवडक मुलांनाच स्थान मिळते व उरलेली मुले प्रेक्षक होतात. कवायतीत मात्र मंद, लाजाळू वा दुर्बल मुलालाही इतरांइतकीच जागा असते. चेंडूची कवायत या दोहोंच्या मध्ये उभी आहे. हुकूम बाहेरून येतो, तर ताल सर्वांनी मिळून सांभाळावा लागतो. एखाद्याचा चेंडू निसटला, तरी तो उचलून पुढच्या आवर्तनात सामील होण्याची सोय तालात असते. चुकलेल्या मुलास शिक्षा न करता पुढच्या समेवर परत येऊ देणारा शिक्षक या प्रकाराचा खरा उपयोग करून घेतो. खेळास अभ्यासक्रमाशी जोडण्याचा पुरस्कार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात करण्यात आला आहे. त्या दृष्टीने गणितातील मोजणी, संगीतातील मात्रा व शरीराचा तोल यांना एकत्र आणणाऱ्या या साध्या व्यायामाचे महत्त्व आहे. मात्र त्यासाठी गावोगावच्या शाळांच्या अंगणात टणक जमिनीचा एक तुकडा व पुरेसे चेंडू असणे अगत्याचे आहे.