विकतची शिफारस: बॅकलिंकच्या बाजाराची गोष्ट

परवा मामेभावाचा फोन आला. दापोलीजवळ त्याचं होमस्टे आहे, चार खोल्यांचं. म्हणाला, "दादा, एका एजन्सीवाल्याचा रोज फोन येतोय. पाचशे बॅकलिंक देतो म्हणतो, तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर. घेऊ का?"

मी म्हटलं, दोन दिवस थांब, सांगतो. नुसतं 'घे' किंवा 'नको' म्हणून भागण्यासारखं नव्हतं. या धंद्याला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो कळल्याशिवाय फायदा-तोटा कळत नाही. लिहायला बसलो, तर पोस्ट लांबली. सवडीने वाचा.

आधी बॅकलिंक म्हणजे काय, ते. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. गावात नवीन डॉक्टर आला की आपण चार जणांना विचारतो, 'कसा आहे हो?' चौघांनी चांगला म्हटलं, त्यातही जुन्या जाणत्या डॉक्टरांनी म्हटलं, तर आपण जातो. गुगलने नेमकं हेच गणितात बसवलं.

पण कल्पना गुगलची नव्हे. ती ग्रंथालयातून आली. युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक सूचना मांडली: कुठल्या शोधनिबंधाचा हवाला पुढे कुणी कुणी दिला, याची सूची करा. पुढे १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाली. ज्याचा हवाला जास्त, तो निबंध महत्त्वाचा, असा हिशेब हळूहळू रूढ झाला.

१९९६ च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच हिशेब इंटरनेटला लावायला घेतला. त्यांच्या प्रकल्पाचं पहिलं नाव होतं 'बॅकरब', म्हणजे बॅकलिंक हा शब्द नावातच दडलेला. त्यांनी एक भर घातली. सगळी मतं सारखी नाहीत. ज्या पानाला स्वतःला वजन आहे, त्याने दिलेल्या दुव्याला जास्त वजन. या पद्धतीला 'पेजरँक' म्हणतात. त्याआधीची शोधयंत्रं मुख्यतः पानावर कुठला शब्द कितीदा आलाय ते बघायची. त्यामुळे एकच शब्द शंभरदा लिहिला की काम व्हायचं. पेजरँकने विचारलं, तू स्वतःबद्दल काय म्हणतोस ते राहू दे, लोक तुझ्याबद्दल काय म्हणतात? १९९८ मध्ये गुगल कंपनी झाली आणि बाकीचे बघता बघता मागे पडले.

आता गंमत बघा. १९९८ च्याच पेजरँकवरच्या निबंधात या मंडळींनी दुवे विकत घेतले जाण्याची शक्यता स्वतःच लिहून ठेवली आहे. फार तर लोक महत्त्वाच्या साइटवर जाहिरात म्हणून दुवे विकत घेतील, पण त्याला पैसे पडतात, तेव्हा हा प्रकार आटोक्यात राहील, असा त्यांचा तर्क होता.

पैसे पडतात म्हणून लोक करणार नाहीत! आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाला विचारलं असतं, तर त्याने तेव्हाच सांगितलं असतं. ज्या गोष्टीतून पैसा सुटतो, तिच्यावर पैसा लावायला माणसं रांग लावतात.

बाजार उभा राहायला मदत केली ती गुगलनेच. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी ब्राउझरसाठी एक टूलबार काढला. त्यात हिरवी पट्टी असायची आणि तुम्ही उघडलेल्या पानाचा पेजरँक शून्य ते दहामध्ये दिसायचा. झालं! जी गोष्ट आतापर्यंत आतल्या हिशेबात होती, तिला बाहेर आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की भाव मिळतो. सहा पेजरँकच्या साइटवरचा दुवा महाग, तीनचा स्वस्त. मंडईत जशी प्रतवारी होते, तशी दुव्यांची झाली.

२००२ मध्ये ओक्लाहोमामधल्या 'सर्चकिंग' या कंपनीने यावर उघड धंदा सुरू केला. चांगला पेजरँक असलेल्या साइटवर दुव्याची जागा मिळवून द्यायची आणि पैसे घ्यायचे. थोड्याच दिवसांत सर्चकिंगचा स्वतःचाच पेजरँक घसरला. ते कोर्टात गेले. मे २००३ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने दावा काढून टाकला. कोर्टाचं म्हणणं असं, की पेजरँक हे गुगलचं मत आहे आणि मत मांडायचं स्वातंत्र्य अमेरिकेची राज्यघटना देते.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हापासून दोन गोष्टी एकत्र नांदतायत. एक, दुवे विकत घेणं हा कायद्याने गुन्हा नाही, तो गुगलच्या नियमांचा भंग आहे. दुसरी, नियम करणारा, तपास करणारा आणि शिक्षा देणारा एकच. अपील करायचं, तर तेही त्याच्याकडेच.

जानेवारी २००५ मध्ये गुगलने एक मधला रस्ता काढला. दुव्याला 'नोफॉलो' अशी खूण लावायची, म्हणजे तो दुवा मत म्हणून मोजला जात नाही. मूळ उद्देश होता ब्लॉगच्या प्रतिक्रियांमध्ये टाकलेला कचरा थांबवणं. पुढे पैसे घेऊन दिलेल्या दुव्यालाही ही खूण लावा, असा नियम झाला. २०१९ मध्ये तर 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूणच आली. म्हणजे जाहिरात करा, खुशाल करा, फक्त जाहिरात आहे असं सांगा. पण विकत घेणाऱ्याला हवं होतं ते नेमकं उलटं. त्याला जाहिरात नको होती, शिफारस हवी होती.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात 'पेड न्यूज' प्रकरण गाजलं, पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलचा अहवालही आला. जाहिरातीची जागा उघड मिळत असतानाही बातमीची जागा विकत घ्यायची, कारण वाचकाचा विश्वास बातमीवर असतो. बॅकलिंकचा बाजार म्हणजे तोच प्रकार, फक्त वाचकाऐवजी यंत्राला फसवायचं.

आता फायद्याची बाजू, कारण फायदा नसता तर हे टिकलंच नसतं. 'जेसी पेनी' हे अमेरिकेतलं जुनं, मोठं दुकान. २०१० च्या नाताळच्या खरेदीत गुगलवर काहीही शोधा, झगे, चादरी, गालिचे, पेनी सगळ्यात वर. सॅमसोनाइटची बॅग शोधली, तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वर पेनी! 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका जाणकाराला तपास करायला सांगितलं. त्याला दोन हजारांवर पानं सापडली, जिथून पेनीकडे दुवे होते. ती पानं कसली? कुठे जुगार, कुठे मोटारी, कुठे कुत्री. कपड्यांशी काडीचा संबंध नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी येणार हे कळलं आणि गुगलने हात चालवला. बातमीदाराने ५९ शब्दांवर लक्ष ठेवलं होतं. महिन्याच्या सुरुवातीला पेनीचा सरासरी क्रमांक होता १.३. दहा तारखेला तो ५२ झाला. बॅगेच्या शोधात पेनी दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तराव्या क्रमांकावर. पेनीने आपण यातलं काही करायला सांगितलं नव्हतं असं म्हटलं आणि हे काम पाहणाऱ्या कंपनीला काढून टाकलं.

पण जरा थांबून हिशेब करा. दुवे उघडकीला आले फेब्रुवारीत. नाताळचा मोसम तर हातात पडला होता! तेव्हाच्या एका पाहणीनुसार गुगलवरून जाणाऱ्या लोकांपैकी ३४ टक्के पहिल्या क्रमांकावर जायचे, दुसऱ्या क्रमांकाला त्याच्या निम्मे. म्हणजे चोरी पकडली गेली, पण मुद्देमाल काही परत गेला नाही. मोठ्या कंपनीला हा जुगार परवडतो, तो असा.

नियम सगळ्यांना सारखा हे दाखवायची वेळ गुगलवरही आली. २०१२ च्या सुरुवातीला त्यांच्याच क्रोम ब्राउझरसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखांत दुवा सापडला. गुगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला निदान साठ दिवस खाली ढकललं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधली 'इंटरफ्लोरा' ही फुलं विकणारी कंपनी गुगलवरून जवळपास नाहीशी झाली. वृत्तपत्रांच्या साइटवर पैसे देऊन छापलेले लेख आणि त्यात दुवे. तिथला मातृदिन तोंडावर आला होता, म्हणजे फुलवाल्यांची दिवाळीच. अकरा दिवसांत ती परत आली, मातृदिनाच्या आत.

आणि लहान दुकानदार? इथे गोष्ट कडू होते.

२४ एप्रिल २०१२ ला गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. माणसाने तपासून केलेली ही शिक्षा नव्हती, यंत्रच बनावट दुवे ओळखून साइट खाली टाकायचं. इंग्रजीतल्या सुमारे ३ टक्के शोधांवर परिणाम झाला. माणसाने दिलेली शिक्षा दुवे काढून, अर्ज करून उठवता येते. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, माणसं असतात, अकरा दिवसांत काम होतं. पेंग्विनला मात्र अर्ज नव्हता. दुवे साफ करायचे आणि पुढच्या फेरीची वाट बघायची. ऑक्टोबर २०१४ नंतरची मोठी फेरी आली सप्टेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं! ज्याचं दुकान गुगलवरच्या गिऱ्हाइकावर चालतं, त्याने दोन वर्षं काय करायचं?

बाजारही उलटा फिरला. पैसे घेऊन दुवे लावणाऱ्यांपैकी काही जण आता दुवे काढायचेही पैसे मागू लागले. स्पर्धकाच्या नावाने मुद्दाम घाणेरडे दुवे विकत घेऊन त्याला बुडवता येईल, अशी भीती पसरली. ऑक्टोबर २०१२ मध्ये गुगलने 'हे दुवे माझे धरू नका' असं कळवायची सोय दिली. २०१६ नंतर पेंग्विन सतत चालू राहणारं झालं आणि साइटला शिक्षा करण्यापेक्षा खोटे दुवे मोजायचेच नाहीत, असं धोरण आलं. टूलबारवरचा तो पेजरँकचा आकडाही त्याच वर्षी बंद झाला. बाजार मात्र चालू राहिला, नवे आकडे घेऊन. ते आता दुसऱ्याच कंपन्या काढतात आणि त्यांचा गुगलशी संबंध नसतो.

म्हणजे आज बहुतेकदा स्वस्तात घेतलेले दुवे तुम्हाला बुडवत नाहीत, ते नुसते मोजलेच जात नाहीत. पैसे गेले, काही झालं नाही. आणि मोजले गेलेच, तर पकडले जाण्याची टांगती तलवार. चालणारे दुवे महाग असतात, म्हणून ते पुन्हा मोठ्यांच्याच हातात.

हवाल्यांचं मूळ ज्या विद्यापीठांत, तिथेही हेच झालं. आपल्याकडे प्राध्यापकांची बढती निबंधांच्या संख्येशी जोडली गेली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली आणि 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले: ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट दर्जाची असू शकतात. शिफारस मोजायला लागलात की शिफारशीचं दुकान निघतं, मग ते संशोधन असो की होमस्टे.

यात सार्वजनिक प्रश्न कुठे आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली. दुसरीकडे, नामांकित वृत्तपत्रं आपल्या साइटचा कोपरा कूपनवाल्यांना वापरू देतात म्हणून गुगलने २०२४ पासून त्यांना खाली टाकायला घेतलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याच धोरणाची चौकशी सुरू केली. फसवणूक रोखायलाच हवी. पण रोखणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार, हा २००३ पासूनचा प्रश्न आता कुठे मोठ्या टेबलावर आलाय.

भावाला काय सांगितलं? सांगितलं, त्या पैशात खोल्यांचे चांगले फोटो काढून घे. नकाशावर जागा नीट नोंदव. राहून गेलेल्या पाहुण्यांना खरा अभिप्राय लिहायला सांग. तालुक्यातल्या पर्यटनाच्या पानांना, पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींना कळव. त्यांनी आपणहून दुवा दिला, तर तो पाचशेंना भारी. जाहिरातच करायची, तर उघड जाहिरात कर.

तो म्हणाला, "दादा, पण शेजारच्याने घेतलेत. तो माझ्या वर दिसतो."

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. खरं सांगायचं, तर अजूनही नाही. एवढंच म्हणालो, तो किती दिवस वर राहतो ते बघू आणि पावसाळ्यानंतर बोलू.

तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असेल किंवा असे दुवे घेऊन बघितले असतील, तर अनुभव जरूर लिहा. कंपनीचं नाव नको, काय झालं तेवढं सांगा.