सोलापूरचे वसतिगृह, आमचा जलसा आणि डॉल्बी : संगीताचा तास कोणी घ्यायचा?

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. व्यवस्था जीवाप्पा सुभा ऐदाळे यांनी पाहिली. एवढा इतिहास आपल्याकडे व्यासपीठावरून सांगितला जातो. पण त्याच्या पुढचे दोन तपशील फारसे कोणी सांगत नाही. या वसतिगृहातील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवत होते. आणि याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर महार हॉकी क्लबही सुरू केला होता.

हे तपशील किरकोळ नाहीत. बाबासाहेबांच्या मनातले वसतिगृह म्हणजे फक्त दोन वेळचे जेवण आणि परीक्षेचा अभ्यास नव्हता. मुलांनी लिहावे, छापावे, वाचावे, खेळावे, चारचौघांत उभे राहावे, हे सगळे त्यात धरलेले होते. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. घटनेच्या शिल्पकाराला संगीत शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

म्हणून आज आम्ही एक सरळ प्रश्न विचारतो. ज्या समाजाने आपली चळवळ गाण्यावर उभी केली, त्या समाजाच्या मुलांच्या वसतिगृहांत आणि निवासी शाळांत गाणे का शिकवले जात नाही? आणि गाणे म्हणजे प्रार्थना आणि स्वागतगीत नव्हे. लोकांचे गाणे, त्याची वाद्ये, आणि ते गाणे लाखोंपर्यंत नेणारे यंत्र, म्हणजे माईक, रेकॉर्डिंग, मिक्सर, संगणक. आमचे म्हणणे असे की हे न शिकवल्यामुळे आपण गाण्याचे मालक होण्याऐवजी त्याचे हमाल आणि गिऱ्हाईक होऊन बसलो आहोत.

'संगीत' कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवले कोणी? विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. सोलापूरचे वसतिगृह निघाल्यानंतर जेमतेम वर्ष-दीड वर्षाने. या मंडळींनी संगीताला अभ्यासक्रम दिला, स्वरलिपी दिली, परीक्षा आणि प्रमाणपत्र दिले. ते काम मोठे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण अभ्यासक्रमाच्या दारातून आत कोण गेले ते पाहा. तबला गेला, पेटी गेली, राग गेले. हलगी बाहेर राहिली, तुणतुणे बाहेर राहिले, जलसा बाहेर राहिला. वाजवणारा ज्या जातीचा, त्या जातीची किंमत वाद्याला लागली.

स्वतंत्र भारतातही ही सोवळ्याची वृत्ती गेली नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हटवले. लोक मग रेडिओ सिलोन ऐकू लागले आणि अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. पेटी आणि सिनेमाची चाल. नेमकी हीच आमच्या शाहिरांची दोन मोठी हत्यारे होती. सरकारी नभोवाणीने जे हलके ठरवले, त्यावर आमची चळवळ गात होती.

आता आमची शाळा पाहू. सत्यशोधक जलशाने वाट घालून दिली आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण आतला ऐवज बदलला. गणेशवंदनेच्या जागी भीमवंदना आली. वगात सावकार, भटजी, मेलेले ढोर ओढण्याची सक्ती, शाळेत न जाणारे पोर हे विषय आले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याला महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रह या गाण्यांतून कळला. वामनदादा कर्डकांनी १९४३ मध्ये पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. काही विद्वान याला नक्कल म्हणतात. आम्ही याला अध्यापनाची पद्धत म्हणतो. चाल लोकांच्या तोंडी आधीच बसलेली असते, म्हणून नवा विचार एका रात्रीत पाठ होतो. या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लुसी ग्रीन या संशोधक बाईंनी लोकप्रिय संगीतातील कलाकार कसे शिकतात याचा अभ्यास केला. ते रेकॉर्ड ऐकून, नक्कल करून, मित्रांच्या टोळक्यात शिकतात, असे त्यांना दिसले. पुढे तिथल्या शाळांनी ही पद्धत वर्गात आणली. आमच्या वस्त्यांतल्या भीमगीतांच्या पार्ट्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच तयार झाल्या. फक्त त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही.

मग यंत्र आले. ग्रामोफोनच्या काळात रेकॉर्ड काढणे ही मोठ्या कंपनीची मक्तेदारी होती. कोणाचा आवाज तबकडीवर जायचा हे कंपनी ठरवायची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ही भिंत पडली. छोटा स्टुडिओ, एक ढोलकी, एक पेटी, चार कोरसवाले, की गाणे तयार. कॅसेटची प्रत काढायला कारखाना लागत नव्हता. चौदा एप्रिलच्या आधी बाजारात भीमगीतांच्या नव्या कॅसेटी येऊ लागल्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे शिंदे घराणे याची साक्ष आहे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, आणि आता नातू आदर्श, अशा तीन पिढ्या तबकडी, कॅसेट, सीडी आणि मोबाईल या सगळ्या यंत्रांतून गेल्या. विठ्ठलाचे गाणे गाणारा तोच गळा भीमाचे गाणे गात होता आणि ते घराघरांत वाजत होते.

पण पैसा कोणाला मिळाला? एकरकमी काही रुपये घेऊन गीतकार-गायकांनी कागदावर सही करायची आणि पुढची सगळी कमाई कंपनीची, हीच त्या धंद्याची रीत होती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. गीताचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. आपल्या वसतिगृहात राहून मोबाईलवर गाणे टाकणाऱ्या किती पोरापोरींना हे माहीत आहे? संविधानाने हक्क दिले असे आपण म्हणतो, पण हक्काचा कागद वाचायला शिकवावा लागतो.

आता डॉल्बीचे बोलू, कारण सोलापुरात त्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो. गंमत अशी की रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले! हा विनोद नाही, हा अज्ञानाचा दाखला आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा की ८५ डेसिबल आवाजात आठ तासच राहावे, आणि प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. मिरवणुकीत स्पीकरपुढे नाचणारा आमचा पोरगा तिथे तासन्‌तास असतो. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

डॉल्बीविरोधी बोलणाऱ्या सगळ्यांचा हेतू स्वच्छ असतो असे आम्ही मानत नाही. इतर उत्सवांत जे चालते ते जयंतीत खुपते, असे म्हणणारेही त्यात आहेत. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे आम्ही ठणकावून सांगू. पण कान आमच्या पोरांचे जातात, वर्गणी आमच्या वस्तीची जाते, आणि भाडे दुसऱ्याच्या खिशात जाते, हेही खरे आहे. त्या भिंतीमागे मिक्सरवर कोण बसतो आणि ट्रकवर स्पीकर कोण चढवतो, ते येत्या चौदा एप्रिलला नीट पाहा.

यावर आपल्यातूनच एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 'बापजाद्यांनी हलगी बडवली, आता पोरांनीही तेच करायचे का? वसतिगृह कलेक्टर घडवायला आहे.' गावगाड्यात वाजवणे ही कला नव्हती, ते जातीचे काम होते. पाटलाचे लग्न असो की देवाची पालखी, मांगाने वाजवायचे आणि महाराने राबायचे, तेही भाकरीच्या तुकड्यावर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनविरोधी विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्ध. ज्यांनी गावकीचे वाजवणे सोडले त्यांनी बंड केले, आणि त्या बंडाला आमचा जयभीम आहे.

पण नाकारले ते काय, हे नीट समजून घ्यावे. नाकारली ती सक्ती, नाकारले ते फुकटचे राबणे. चामडे तापवून सूर चढवण्याचे, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी धरून लय बांधण्याचे ज्ञान नाकारण्यासारखे नव्हते. ते शिकवायचे तर सगळ्या जातींच्या मुलांना शिकवावे, मुलींना शिकवावे, ज्याला हवे त्याला शिकवावे. जात बघून हातात वाद्य देणे हा गावगाडा. आवड बघून देणे हे शिक्षण. तमिळनाडूत पराई या वाद्याची कहाणी हलगीसारखीच आहे. तिथल्या दलित चळवळीने ते वाद्य अपमानाच्या जागेवरून उचलून स्वाभिमानाच्या जागी ठेवले. चेन्नईत २०१८ पासून कास्टलेस कलेक्टिव्हने गाना, रॅप आणि आंबेडकरी विचार एका मंचावर आणले.

आणि निवासी शाळेत लोकप्रिय संगीत शिकवून काय होते, याचेही उत्तर इतिहासात आहे. जमैका हा गुलामांच्या वंशजांचा देश. तिथे किंग्स्टन शहरात १८८० मध्ये सुरू झालेली अल्फा बॉईज स्कूल ही गरीब, निराधार मुलांची निवासी शाळा होती. मुलांना सुतारकाम, शिवणकाम, छपाई शिकवत, आणि बँडही शिकवत. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी रेकॉर्डचा संग्रह केला आणि मुलांसाठी साउंड सिस्टिम लावून त्या स्वतः रेकॉर्ड वाजवत. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या स्काटालाइट्स या गाजलेल्या वाद्यवृंदातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, लेस्टर स्टर्लिंग आणि जॉनी मूर हे चौघेही याच शाळेचे. स्का आणि पुढे रेगे जगभर गेले, त्याच्या मुळाशी एका अनाथ मुलांच्या शाळेतला संगीताचा तास आहे. त्यांच्या रस्त्यावरही आमच्यासारखीच स्पीकरची भिंत होती. पण तिच्यासाठी लागणारे संगीत ते स्वतः घडवत होते.

केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाचे पद असते. सोलापूर जिल्ह्यातही मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय आहे. मग समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या आणि निवासी शाळेतल्या मुलांनी काय पाप केले? आमची मागणी मोठी नाही. आठवड्यातून दोन तास. एक खोली, एक ढोलकी, एक हलगी, एक पेटी, एक बरा माईक आणि एक संगणक. ऑडॅसिटीसारखे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. शिकवायला वस्तीतले म्हातारे शाहीर आणि स्टुडिओत काम केलेली तरुण पोरे, दोघांनाही मानधन देऊन बोलवा. मुलांना डेसिबल मोजायला लावा, त्यातून गणित आणि विज्ञान शिकवा. करारनामा वाचायला लावा, त्यातून कायदा शिकवा. शाहिरांची गाणी रेकॉर्ड करायला लावा, त्यातून इतिहास जपला जाईल. आणि मुलींना मागे ठेवू नका. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. उद्याच्या कडूबाईला रेकॉर्डिंगही स्वतः करता आले पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. जयंती मंडळांनी यंदा डॉल्बीच्या भाड्यातला फक्त एक हिस्सा बाजूला काढून जवळच्या एका वसतिगृहात हा तास सुरू करावा. १९२५ मध्ये पोटाला चिमटा घेऊन आपल्या लोकांनी सोलापुरात मुलांच्या हाती लेखणी दिली. शंभर वर्षांनी त्याच सोलापुरात मुलांच्या हाती माईक आणि मिक्सर देणे आपल्याला जड नाही. शिका म्हणजे हेही शिका.

जयभीम!