बिनअंड्याचा चॉकलेट केक : उपासाचा नव्हे, टंचाईचा वारसा

बिनअंड्याचा केक म्हटले की शाकाहारी घराचा कडक नियम डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्याची जन्मकथा एका आजारपणाशी आणि पुढे महायुद्धांच्या टंचाईशी जोडलेली आहे.

केकमध्ये अंडे एकाच वेळी अनेक कामे करते. फेसलेल्या अंड्यात कोंडलेली हवा केक फुगवते, बलक स्निग्धता देतो आणि भट्टीच्या उष्णतेने घट्ट होणारा पांढरा भाग सांगाडा धरून ठेवतो. अंडे वगळायचे, तर यांपैकी सर्वांत अवघड काम, म्हणजे फुगवण्याचे, दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते.

ते काम रसायनशास्त्राने स्वीकारले. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. एका घरातली पथ्याची सोय पुढे क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याच्या शिध्यात गेली, हे विशेष.

चॉकलेटची बाजू त्याआधीच सुलभ झाली होती. ॲमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन घराण्याने १८२८ मध्ये कोको बियांतील चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. उरलेल्या पेंडीची भुकटी पिठात सहज मिसळू लागली. पण त्याच घराण्याने भुकटीवर क्षाराची प्रक्रियाही रूढ केली. साधा कोको किंचित आम्लधर्मी असल्याने सोड्याला थोडी साथ देतो. क्षारप्रक्रिया केलेला देत नाही. बिनअंड्याच्या चॉकलेट केकमध्ये व्हिनेगर किंवा दही आग्रहाने का सांगितले जाते, याचे एक उत्तर येथे आहे.

मग युद्धे आली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत अंडी, दूध, लोणी यांवाचून होणारे ‘वॉर केक’ प्रचारात आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, ब्रिटनमध्ये प्रौढ माणसाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम एक अंडे येई. अमेरिकेत याच दशकात ‘वॅकी केक’, म्हणजे शब्दशः चक्रम केक, लोकप्रिय झाला. मैदा, साखर, कोको आणि सोडा थेट भाजण्याच्या भांड्यातच मिसळायचे, त्यात तीन खळगे करून व्हिनेगर, व्हॅनिला आणि तेल ओतायचे, वरून पाणी घालून ढवळायचे आणि तत्काळ भट्टीत सरकवायचे. ही घाई अनाठायी नव्हे. व्हिनेगर सोड्याला भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. भांडे ओट्यावर रेंगाळले की फुगवणारा वायू उडून जातो.

चॉकलेट आणि नारळ यांची सर्वांत गाजलेली जोडी मात्र अंड्यांवरच उभी आहे. ‘जर्मन चॉकलेट केक’ जर्मनीचा नव्हेच. सॅम्युएल जर्मन नावाच्या माणसाने १८५२ मध्ये ‘बेकर्स’ या अमेरिकी कंपनीसाठी एक गोड चॉकलेट तयार केले होते. १९५७ मध्ये डॅलसच्या वृत्तपत्रात ते वापरलेल्या केकची कृती छापून आली आणि षष्ठीचा प्रत्यय गळून नावाला राष्ट्रीयत्व चिकटले. त्यावरील नारळाचा थर घट्ट होतो तो बलकामुळे. गोव्यातील ‘बात’ हा रवा आणि नारळाचा केकही अंड्यांचाच.

भारतीय घरांत अंड्याची जागा प्रामुख्याने डबाबंद गोड घट्ट दुधाने घेतली. लेपनाचा प्रश्न तर कोकणाने केव्हाच सोडवलेला होता. खवलेला ओला नारळ, साखर आणि थोडे दूध मंद आचेवर आटवले की पाक आटून मिश्रण आपोआप बांधले जाते. बलकाची गरजच पडत नाही. नारळाच्या वडीचीच ही कृती, फक्त गोळा कढई सोडू लागण्याच्या थोडे आधी, पसरवता येईल इतक्या सैलपणी उतरवायची. केक पूर्ण निवल्यावरच तो थर द्यावा आणि त्याच दिवशी संपवावा. ओला नारळ लवकर आंबतो. पाश्चात्त्य कृतींत सुक्या किसाला मान मिळाला, त्यामागे हेही एक कारण आहे.