शहराच्या पोटातली बेटं

सॅन होजेत घर बघताना एजंट कधीकधी सांगतो, पत्ता सॅन होजेचा आहे, पण घर शहरात नाही. नवख्या माणसाला हे कोडंच वाटतं. रस्त्याच्या या बाजूला शहराचे पोलीस, पलीकडे कौंटीचा शेरीफ. पलीकडच्यांना महापौराच्या निवडणुकीत मतही नाही.

याचं मूळ डच हॅमन यांच्या कारकिर्दीत आहे. १९५० ते १९६९ ते इथले सिटी मॅनेजर होते. या काळात शहराने सुमारे १,४०० वेळा हद्द वाढवली. १९५० साली ९५ हजार वस्ती होती, ती १९७० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गेली.

कायद्यातली गोम अशी होती की, १२ पेक्षा कमी मतदार असलेली जमीन निर्जन धरली जाई. तिथे मतदान लागत नसे, जमीनमालकांची संमती पुरे. फळबागवाल्याला जमीन विकायची होती, बिल्डरला सांडपाण्याची जोडणी हवी होती; त्यामुळे बागा भराभर शहरात आल्या. वस्तीच्या भागात मात्र लोकांना विचारावं लागे, आणि लोक नको म्हणत. मग शहर त्यांना वळसा घालून पुढे सरके. मिल्पिटसने १९५४ मध्ये आणि क्युपर्टिनोने १९५५ मध्ये स्वतःचंच शहर केलं आणि ती सुटली. बाकीच्या वस्त्या मधेच अडकल्या.

पुढे कॅलिफोर्नियाने २००० साली कायदा बदलला. चहूबाजूंनी वेढलेलं छोटं बेट मतदानाशिवाय शहरात घेता येऊ लागलं. मर्यादा आधी ७५ एकर, नंतर १५०. सॅन होजेने २००६ पासून ही मोहीम हाती घेतली. विखुरलेल्या तुकड्यांना कौंटीने सेवा पुरवणं महागात पडतं, हा मुद्दा मला पटतो. पण ज्यांच्या नकारामुळे बेट झालं, त्यांनाच या वेळी विचारलं नाही, हे खटकतंच.

पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल. तिथे २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तीही राज्य सरकारच्या अधिसूचनेने. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर २०१७ मध्ये आत घेतली, आणि पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. इथे असं आत-बाहेर सहसा होत नाही.

सॅन होजेच्या मध्यभागाजवळची बरबँक वस्ती मात्र अजून बरीचशी कौंटीतच आहे. तिकडून गेलात, तर फुटपाथ कुठे संपतो ते बघा.